इन्फ्युजन पंप, दुसरी आवृत्ती: पडताळणीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम आजपासून कागदावर आलं. रुग्णाच्या शिरेत ठरलेल्या दराने औषध सोडणाऱ्या पंपाच्या नियंत्रण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाकीचे लिहिणार, त्याची फॉर्मल पडताळणी, म्हणजे ते बरोबर वागतं हे गणिताने सिद्ध करणं, माझ्याकडे. निमित्त गेल्या महिन्यातलं आहे. बेंचवर रात्रभर चालत ठेवलेला पंप ताशी ४ मिलिलिटरवर लावला होता, सकाळी तो १२ वर चालताना सापडला. पंपाच्या लॉगमध्ये सर्व्हरकडून आलेली आज्ञा दिसते. सर्व्हरचा लॉग म्हणतो, ती आज्ञा मी एकदाच पाठवली, तीही संध्याकाळी. दोन आठवडे झटूनही कोणाला ते पुन्हा घडवून दाखवता आलं नाही. चाचण्या सगळ्या पास. शेवटी दोषाच्या नोंदीवर, म्हणजे तिकिटावर, ‘पुन्हा घडत नाही’ असा शेरा पडला आणि ते बंद झालं. मला त्या शेऱ्याचा राग आहे, म्हणून हे काम मागून घेतलं.

तीन थर ठरवले. पंप आणि सर्व्हर यांचं एकत्र वागणं टीएलए प्लस या वर्णनभाषेत. दोघांमधल्या निरोपांचा प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीचे नियम, टॅमरिन या प्रोटोकॉल तपासणाऱ्या साधनात. आणि सी भाषेतल्या कोडचा जो भाग थेट मोटरपर्यंत पोहोचतो तेवढाच फ्रामा-सी या कोड तपासणाऱ्या साधनाने. स्क्रीन, भाषा, छपाई यांना हात लावणार नाही. सगळं सिद्ध करायला गेलो तर काहीच हाती लागणार नाही.

९ जानेवारी

अख्खा दिवस शब्दांवर गेला. मराठीत बोलायला लागलं की सेफ्टी म्हणजे सुरक्षा आणि सिक्युरिटी म्हणजेही सुरक्षा. सकाळच्या बैठकीत अर्धा तास दोन माणसं एकमेकांशी सहमत होत होती आणि बोलत होती वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. ठरवून टाकलं: यंत्रापासून माणसाला इजा होऊ नये ती सुरक्षितता, वाईट हेतूच्या माणसापासून यंत्राला जपायचं ते संरक्षण. वहीत ‘सु’ आणि ‘सं’. वर तर्कशास्त्रातला ‘सेफ्टी प्रॉपर्टी’ हा तिसराच प्राणी: लॅम्पोर्ट यांनी १९७७ मध्ये केलेली विभागणी, ‘वाईट कधीच घडत नाही’ ती सेफ्टी आणि ‘चांगलं कधीतरी घडतंच’ ती लाइव्हनेस. आमची काही संरक्षणाची विधानं या अर्थाने सेफ्टी आहेत. हे बैठकीत सांगितलं नाही, जेवायची वेळ झाली होती.

दुपारी गरजांचा दस्तऐवज घेऊन बसलो. ‘नळीत हवेचा बुडबुडा आढळल्यास पंप योग्य वेळेत थांबेल.’ योग्य म्हणजे किती? आढळल्यास म्हणजे सेन्सरने पाहिल्यावर, की सॉफ्टवेअरने सेन्सर वाचल्यावर? थांबेल म्हणजे मोटरचा करंट शून्य, की औषध शून्य? एका वाक्याला तीन प्रश्न, तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या माणसांकडे. चाळीसेक वाक्यांपैकी आज सहा मार्गी लागली.

१४ जानेवारी

पहिलं मॉडेल चाललं. दार, मोटर, अलार्म, निरोपांची रांग, एवढंच. टीएलए प्लसमध्ये प्रोग्राम लिहायचा नसतो. सिस्टीम कोणत्या अवस्थेत असू शकते आणि एका अवस्थेतून पुढच्या कोणकोणत्या अवस्थांत जाऊ शकते, तेवढं सांगायचं. मग टीएलसी नावाचा तपासनीस पोहोचता येण्याजोगी प्रत्येक अवस्था एकेक करून बघतो आणि आपलं विधान कुठे मोडतं का ते सांगतो. मोडलं तर तिथपर्यंतची पूर्ण वाट छापतो. यालाच प्रतिउदाहरण म्हणायचं.

पहिलंच विधान ‘दार उघडं असताना मोटर कधीच चालू नसते’ दोन पायऱ्यांत मोडलं. मोटर चालू, माणसाने दार उघडलं, संपलं. तपासनीसाचं बरोबर आहे. दार माणूस उघडतो, त्याला सॉफ्टवेअरची परवानगी लागत नाही, आणि मोटर त्याच क्षणी थांबणं भौतिकशास्त्राला मान्य नाही. मी निसर्गाला नियम घालत होतो. सुधारून लिहिलं: दार उघडल्यापासून एका नियंत्रण फेरीच्या आत मोटर बंद. आता मॉडेलमध्ये वेळही आणावी लागली, टिक-टिक करणारा एक आकडा.

१६ जानेवारी

मेमरी संपली. अपेक्षित होतंच. दर ० ते ९९९, रांगेत तीन निरोप, वर टिक: गुणाकार करत गेलं की अवस्थांचा डोंगर होतो. दराच्या हजार किमतींची तर्काला गरज नाही. शून्य, मर्यादेतला एक, बरोबर मर्यादेवरचा, मर्यादेबाहेरचा: चारच ठेवल्या. मॉडेल दोन मिनिटांत संपलं. ‘मर्यादेतला एक’ ऐवजी ‘मर्यादेतले दोन’ लागतील असं मनात येतंय, कारण जुना आणि नवा दर वेगळे दिसायला हवेत. उद्या बघतो.

२१ जानेवारी

सापडलं.

दोन दर ठेवल्याबरोबर विधान मोडलं, १४ पायऱ्यांत. वाट अशी: सर्व्हर १२ ची आज्ञा पाठवतो. पंप ती अमलात आणतो, पोच पाठवतो. पोच वाटेत हरवते. बेंचजवळ आलेला माणूस हाताने दर ४ करतो. वाय-फाय तुटतं, परत जोडलं जातं. पोच मिळाली नाही म्हणून सर्व्हरचा खालचा थर तीच आज्ञा पुन्हा पाठवतो. पंपाला ती नवी वाटते. दर १२.

सर्व्हरच्या लॉगमध्ये आज्ञा एकदाच दिसते, कारण पुनःप्रेषण लॉगच्या खालच्या थरात होतं. खोटं कोणीच बोलत नव्हतं. चाचणीत हे पुन्हा घडवायला पोच बरोबर हरवायला हवी, हात मध्ये पडायला हवा आणि वाय-फाय त्यानंतर तुटायला हवं. हा क्रम कोणाला सुचणार? टीएलसीला सुचावं लागत नाही, तो सगळेच क्रम बघतो. अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांच्या डेटाबेसमधल्या एका चुकीची सगळ्यात छोटी वाट ३५ पायऱ्यांची होती. त्यापुढे आमची १४ म्हणजे लहान मूल. बंद केलेलं तिकीट मी स्वतः उघडलं.

२२ जानेवारी

फर्मवेअरवाल्या सहकाऱ्याने रात्रीतच दुरुस्ती केली. निरोपात एक बाइट मोकळी होती, तीत क्रमांक घातला. नवा क्रमांक मागच्यापेक्षा वेगळा असेल तरच आज्ञा घ्यायची. मी विचारलं, वेगळा का, मोठा का नाही? तो म्हणाला, एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच मावतं, २५५ नंतर शून्य येतो, मग पुढची कुठलीच आज्ञा घेतली जाणार नाही. म्हणजे बाइट छोटी पडते हे त्याला माहीत होतं आणि त्याने तपासणी ढिली करून वेळ मारून नेली. मॉडेलने लगेच दाखवलं: मध्ये एखादा दुसरा निरोप गेला की जुना पुन्हा ‘वेगळा’ ठरतो.

एका बाइटची भीती मला आहेच. थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्राचे १९८५ ते १९८७ मध्ये सहा ज्ञात अपघात झाले, रुग्णांना प्रचंड मात्रा बसली. त्यातल्या एका दोषात तपासणी करायची की नाही हे सांगणारा एक बाइटचा चल होता. त्याला ठराविक किंमत देण्याऐवजी प्रत्येक फेरीत एकाने वाढवलं जात होतं. २५६ व्या फेरीला तो शून्य व्हायचा, शून्य म्हणजे ‘तपासायला नको’, आणि नेमकं त्याच क्षणी ऑपरेटरने बटण दाबलं तर यंत्र न तपासता पुढे जायचं. आधीच्या मॉडेलमध्ये तारांचे आणि रिलेचे स्वतंत्र अडसर होते, ते या यंत्रातून काढून टाकलेले होते.

क्रमांक ३२ बिटांचा केला. मग मॉडेलमध्ये ‘बॅटरी काढली’ ही कृती घातली आणि परत मोडलं. क्रमांक रॅममध्ये राहतो, वीज गेली की ती पुसली जाते. पंप पुन्हा सुरू झाला की शून्यापासून, आणि कोणी टिपून ठेवलेले कालचे सगळे निरोप आज वैध. क्रमांक दर वेळी फ्लॅश मेमरीत लिहायचा एक पर्याय आहे, पण फ्लॅशच्या एका जागेवर मर्यादित वेळाच लिहिता येतं आणि हा पंप वर्षानुवर्षं चालायचा आहे. त्यापेक्षा प्रत्येक वेळी सुरू होताना सर्व्हरशी नवी हातमिळवणी (एकमेकांची ओळख पटवणारे सुरुवातीचे निरोप), त्या जोडणीपुरती नवी सत्र-किल्ली, आणि क्रमांक त्या सत्रापुरता. चूक सुरक्षिततेची म्हणून सुरू झाली होती, आता ती संरक्षणाच्या दारात उभी आहे.

४ फेब्रुवारी

हातमिळवणी टॅमरिनमध्ये लिहिली. यातला हल्लेखोर म्हणजे डोलेव्ह आणि याओ यांनी १९८३ मध्ये मांडलेला: अख्खं नेटवर्क त्याच्या हातात, तो निरोप ऐकतो, अडवतो, बदलतो, घडवतो. फक्त किल्लीशिवाय कुलूप उघडू शकत नाही.

तीन निरोपांच्या प्रोटोकॉलमध्ये काय चुकणार, असं वाटतं खरं. नीडहॅम आणि श्रोडर यांचा ओळख पटवण्याचा सार्वजनिक किल्लीचा प्रोटोकॉल १९७८ चा, त्याचाही गाभा असाच तीन ओळींचा. त्यातली फट गॅव्हिन लोव यांनी १९९५ मध्ये दाखवली. सतरा वर्षं हुशार माणसं तो वाचत होती. दुरुस्ती काय, तर दुसऱ्या निरोपात उत्तर देणाऱ्याचं नाव घालायचं.

आणि आमच्याकडेही नावच नव्हतं! एका वॉर्डातल्या सगळ्या पंपांना एकच किल्ली, निरोपात पंपाची ओळख नाही. टॅमरिनने चित्र काढून दिलं: हल्लेखोर ‘ब’ पंपाने हातमिळवणीसाठी पाठवलेली यादृच्छिक संख्या उचलतो, सर्व्हरला ती ‘अ’ ची म्हणून देतो, सर्व्हरने ‘अ’ साठी तयार केलेलं उत्तर ‘ब’ कडे जातं, ‘ब’ ते मानतो. मग ‘अ’ च्या रुग्णाचा दर ‘ब’ च्या रुग्णाला. सहकाऱ्याचं म्हणणं, असा हल्ला कोण करेल? मी म्हटलं, हल्लेखोर सोडून दे, सर्व्हरच्या तक्त्यात दोन पंपांचे पत्ते अदलाबदल झाले तरी नेमकं हेच होईल. त्यावर तो गप्प बसला. प्रत्येक पंपाला वेगळी किल्ली, प्रत्येक निरोपात ओळख.

‘पंपाने अमलात आणलेली प्रत्येक आज्ञा सर्व्हरने त्याच पंपासाठी पाठवलेली आहे, आणि एका पाठवणीमागे एकच अंमल’ या विधानावर टॅमरिन रात्रभर चालत राहिला, संपला नाही. मदतीला एक छोटं लेमा, म्हणजे पूरक विधान, दिलं, निरोपातले तुकडे मुळात कुठून येऊ शकतात ते सांगणारं. त्यानंतर चार मिनिटांत हिरवं, म्हणजे सिद्ध.

११ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी होणार.

संरक्षणाच्या यादीत एक नेहमीचा नियम आहे: निरोपावर पाच वेळा चुकीची सही (किल्लीने केलेली डिजिटल खूण) आली की दहा मिनिटं दूरच्या आज्ञा घेणं बंद. ऐकायला शहाणपणाचा. टीएलए प्लसच्या मॉडेलमध्ये हल्लेखोराला एकच कृती दिली, ‘वाटेल तो निरोप रांगेत टाक’. विधान होतं: सर्व्हरने ‘थांब’ पाठवलं आणि नेटवर्क चालू राहिलं तर पंप कधीतरी थांबतो. सहा पायऱ्यांत मोडलं. पाच खोटे निरोप, पंप कुलूपबंद, आणि सहावा सर्व्हरचा खरा ‘थांब’ बाहेर उभा. संरक्षणाच्या नियमानेच सुरक्षितता पाडली, तीही कोणतीही किल्ली न फोडता.

मला सोपा तोडगा सुचला. ‘थांब’ला सहीची अटच नको. कोणीही थांबवू दे, थांबलेला पंप काय इजा करणार? सु-३ मध्ये, म्हणजे सुरक्षिततेच्या तिसऱ्या विधानात, मी तेच तत्त्व लिहून ठेवलं होतं: शंका आली की थांब. हे तत्त्व माझ्या डोक्यात रेल्वेतून आलंय. पॅरिस मेट्रोची १४ क्रमांकाची विनाचालक मार्गिका १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्या नियंत्रणाचा गाभा बी-मेथड या गणिती पद्धतीने लिहिला आणि सिद्ध केला, एडा भाषेतला सुमारे ८६ हजार ओळींचा कोड त्यातून निघाला. अशा सिस्टीममध्ये सगळ्या वाटा शेवटी ब्रेककडे जातात. गाडी उभी म्हणजे बहुतेक वेळा माणसं सुखरूप.

सल्लागार म्हणून आमच्याकडे अतिदक्षता विभागात वर्षानुवर्षं काम केलेल्या एक सिस्टर आठवड्यातून एकदा येतात. त्यांना हा तोडगा सांगितला. त्या म्हणाल्या, “नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू असलेल्या पेशंटचा पंप तुम्ही थांबवून दाखवा. काही मिनिटांत बीपी बसतं. तुमचं थांबणं म्हणजे सुरक्षित हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

कोणीच सांगितलं नव्हतं. मीच धरून चाललो होतो.

सिग्नलला लाल दिवा आहे. या यंत्राला लाल दिवाच नाही. चालू राहणं कधी घातक, थांबणं कधी घातक, आणि कोणतं ते पंपाला ठाऊक नसलेल्या गोष्टीवर अवलंबून. सु-३ वर काट मारली. महिनाभर मी ते विधान हिरवं ठेवायला धडपडत होतो आणि ते हिरवं असणं हाच धोका होता. सिद्धतेत खोट नव्हती, तिने मी विचारलं तेवढंच सांगितलं.

संध्याकाळपर्यंत सिस्टरांसोबत बसून तक्ता केला. हवेचा बुडबुडा: थांब, यात वाद नाही. नळी तुंबली: थांब. सर्व्हरशी संपर्क तुटला: चालू दरानेच चालत राहा, अलार्म दे. खोट्या सह्यांचा मारा: चालत राहा, अलार्म दे, कुलूप नाही. खोटे निरोप तिथल्या तिथे टाकून द्यायचे आणि खऱ्यांसाठी रांगेत जागा राखून ठेवायची. ‘थांब’लाही सही हवी. पंपावरचं लाल बटण मात्र कशालाच विचारत नाही.

१२ फेब्रुवारी

कालचा तक्ता मॉडेलमध्ये. रांगेतली राखीव जागा नसती तर माऱ्याखाली ‘थांब’ कधीच पोहोचला नसता, हे प्रतिउदाहरणाने दाखवलं. बाकी हिरवं.

१८ फेब्रुवारी

टॅमरिनचं मॉडेल आणि सी कोड शेजारीशेजारी ठेवून वाचले. कंटाळवाणं काम, तरी दर आठवड्याला करायचं ठरवलं आहे. आज ते फळलं.

हातमिळवणीतला शेवटचा निरोप हरवला तर सर्व्हर तो पुन्हा पाठवतो. कोडमध्ये तो निरोप आला की पंप किल्ली बसवतो आणि क्रमांक शून्य करतो. दुसऱ्यांदा आला तर दुसऱ्यांदा बसवतो, दुसऱ्यांदा शून्य करतो. म्हणजे त्याच सत्रातल्या जुन्या आज्ञा पुन्हा चालतील. टॅमरिनला हे दिसलं कसं नाही? कारण माझ्या मॉडेलमध्ये ‘हातमिळवणी अर्धी झाली आहे’ हा लिनिअर फॅक्ट होता, एकदा वापरला की संपणारा. दुसऱ्यांदा किल्ली बसवणं माझ्या जगात शक्यच नव्हतं. कोडच्या जगात ते दर पावसाळी वाय-फायला होतं.

हे दुखणं जुनं आहे. वाय-फायच्या डब्ल्यूपीए-२ या संरक्षण पद्धतीतल्या चार निरोपांच्या हातमिळवणीची औपचारिक सिद्धता आधीच झालेली होती. २०१७ मध्ये मॅथी व्हॅनहॉफ यांनी क्रॅक हा हल्ला दाखवला: तिसरा निरोप पुन्हा पाठवून तीच किल्ली परत बसवायला लावायची, की गणक मूळ किमतीवर येतात. सिद्धता खोटी ठरली नाही. किल्ली कधी आणि किती वेळा बसवायची हे त्या सिद्धतेच्या जगातच नव्हतं. हा किस्सा मी दोन वेळा भाषणात सांगितलाय आणि तरी माझ्याच मॉडेलमध्ये तोच खड्डा ठेवला.

कोड: तीच किल्ली पुन्हा आली तर फक्त पोच द्यायची, बाकी काही करायचं नाही. मॉडेल: निरोप कितीही वेळा येऊ शकतो. आधी मॉडेल बदललं, हल्ला दिसतो याची खात्री केली, मगच दुरुस्ती घातली.

२५ फेब्रुवारी

फ्रामा-सी. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर करार लिहायचा: बोलावणाऱ्याने काय द्यायचं, फंक्शनने काय परत करायचं. मग साधन त्यातून गणिती अटी काढतं आणि सिद्ध करणाऱ्या सॉल्व्हरकडे देतं. करारावर आधारलेली ही तर्कपद्धत होअर यांची, १९६९ ची. वय झालं तरी काम चोख.

दिलेल्या औषधाचा हिशोब करणारं फंक्शन पहिल्याच फटक्यात पूर्ण हिरवं आलं. संशय आला. दर मिलिलिटरच्या दशांशात, वेळ मिलिसेकंदांत, दोन्ही अनसाइन्ड (ऋण चिन्ह नसलेल्या) ३२ बिट संख्या, आणि त्यांचा सरळ गुणाकार. फ्रामा-सी अशा संख्यांच्या ओव्हरफ्लोची, म्हणजे आकडा जागेत न मावण्याची, तक्रार आपणहून करत नाही, कारण सी भाषेत ती चूकच नाही, आकडा गुमान फिरून मागे येतो. तो पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. चालू केला आणि लाल. दर ९९९९ असेल तर सात मिनिटं आणि साधारण साडेनऊ सेकंदांत गुणाकार ३२ बिटांबाहेर जातो.

सहकारी म्हणाला, हे फंक्शन दर १०० मिलिसेकंदांनी बोलावलं जातं, सात मिनिटांचा प्रश्न येतो कुठे? ठीक, मग ते करारात लिहू: वेळ १००० पेक्षा कमी. आता ही अट पाळायची जबाबदारी बोलावणाऱ्यावर. बोलावणारे तीन. दोन पाळतात. तिसरा, पंप थोडा वेळ थांबवून परत चालू करण्याची वाट, मागच्या वेळेची नोंद नव्याने करायला विसरतो. दहा मिनिटं थांबवून पुन्हा सुरू केलं की ती दहा मिनिटंही औषध दिल्याच्या हिशोबात येतात, वर गुणाकार फिरून मागे येतो तो वेगळाच.

एरियन ५ चं पहिलं उड्डाण, ४ जून १९९६, इंजिन पेटल्यावर सुमारे ३७ सेकंदांनी मार्गदर्शन कोलमडलं: ६४ बिटांची आडव्या वेगाशी निगडित संख्या १६ बिटांत मावली नाही. तो कोड एरियन ४ चा होता आणि त्या रॉकेटच्या वाटेवर ती संख्या इतकी मोठी होतच नसे. अट होती, पण ती कोडच्या डोक्यावर लिहिलेली नव्हती. आमचीही सहकाऱ्याच्या डोक्यातच होती. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या विभागात जातोय.

४ मार्च

निरोप उलगडणाऱ्या फंक्शनच्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, चार दिवस. लूपसाठी इन्व्हेरियंट शोधावं लागतं, म्हणजे प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला खरं असणारं असं विधान जे शेवटी आपल्याला हवं ते देईल. कमी लिहिलं तर सिद्ध होत नाही, जास्त लिहिलं तर टिकत नाही. चुलीवरच्या दुधासारखं लक्ष ठेवावं लागतं.

आज सकाळी सगळं एकदम हिरवं. पुन्हा संशय, आणि पुन्हा खरा. करारात मी चुकून लांबी किमान मर्यादेपेक्षा मोठी आणि कमाल मर्यादेपेक्षा लहान असे लिहिताना दोन्ही नावं उलटी घातली होती. अशी लांबी अस्तित्वातच नाही. अशक्य गोष्ट गृहीत धरली की काहीही सिद्ध होतं. यासाठी फ्रामा-सीमध्ये स्मोक टेस्ट आहे, करारातून ‘असत्य’ सिद्ध होतंय का ते बघते. ती आता रोजच्या बिल्डमध्ये. शिवाय प्रत्येक हिरव्या फंक्शनमध्ये मुद्दाम एक चूक घालून बघतो. लाल झालं नाही तर ते हिरवं रद्द.

१० मार्च

प्रमाणन बघणाऱ्या मॅडमनी थेट विचारलं, “म्हणजे आता यात चूक नाही असं लिहून देता का?”

एसईएल-४ या मायक्रोकर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या छोट्या गाभ्याचं, उदाहरण दिलं. २००९ मध्ये सुमारे ८,७०० ओळींच्या सी कोडची इसाबेल-एचओएल या सिद्धता तपासणाऱ्या साधनात सिद्धता पूर्ण झाली, सिद्धतेची लिपी दोन लाख ओळींच्या घरात. तरी तिच्या लेखकांनी कंपायलर, असेंब्ली, बूट कोड, हार्डवेअर हे सगळं गृहीत धरल्याचं स्वतःच स्पष्ट लिहिलं. कंपायलरवरचा भरवसा पुढे २०१३ मध्ये यंत्रभाषेपर्यंत सिद्धता नेऊन कमी केला. हार्डवेअरचं गृहीतक किती नाजूक असतं ते २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांनी सगळ्यांनाच दाखवलं. मी म्हटलं, चूक नाही असं नाही लिहून देणार. काय सिद्ध झालं, आणि कशाच्या भरवशावर, एवढं लिहून देतो. “मग भरवशाची यादी आधी द्या,” त्या म्हणाल्या. “प्रत्येक ओळीपुढे ती कोण सांभाळतो तेही.”

यादी मनात सात-आठ ओळींची होती. लिहायला बसलो आणि २६ झाल्या.

१३ मार्च

यादीतली ९ वी ओळ: ‘मुख्य प्रोसेसर आणि सुरक्षा प्रोसेसर एकाच कारणाने एकाच वेळी बिघडत नाहीत.’ सांभाळणारा: हार्डवेअर. त्यांच्याकडे सहीसाठी नेली. त्यांनी नकाशा उघडला, थोडा वेळ बघत राहिले, आणि सही केली नाही. दोघांना घड्याळाचा क्रिस्टल एकच आहे. तो मंदावला तर मोटरही मंदावेल आणि तिच्यावर पहारा देणाराही त्याच प्रमाणात, दोघांनाही सगळं वेळेवर वाटेल. मॉडेलमध्ये मी दोघांना स्वतंत्र टिक दिले होते, म्हणून सगळं छान चाललं होतं.

सुरक्षा प्रोसेसरला त्याच्या आतलं स्वतंत्र घड्याळ वापरायला लावायचं ठरलं. ते कमी अचूक आहे, तेव्हा मॉडेलमध्ये दोन घड्याळांतला फरक वाढवून सगळं पुन्हा तपासलं. एक वेळमर्यादा सैल करावी लागली, त्याला सिस्टरांची हरकत नव्हती.

१९ मार्च

यादी फिरून आली. २६ पैकी २३ वर सह्या. दोन हार्डवेअरकडे अजून चर्चेत.

उरली १७ वी: ‘अलार्म वाजल्यापासून २ मिनिटांत परिचारिका पंपापाशी पोहोचते.’ ‘बुडबुड्यामुळे थांबलेलं औषध बेवारस पडून राहत नाही’ ही सिद्धता तिच्यावर उभी आहे. सिस्टरांनी ती वाचली आणि हसल्या. रात्रपाळीला एकाच वेळी किती यंत्रं वाजत असतात, त्यातली किती विनाकारण, आणि कान किती लवकर ते ऐकायचं सोडून देतात, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग पेन मागितलं आणि ती ओळ आडवी खोडली.

गृहीतक काढून टीएलसी पुन्हा चालवला. तीन विधानं लाल. पहिल्या प्रतिउदाहरणात पंप थांबलेला आहे, अलार्म वाजतो आहे, आणि पुढे काहीच घडत नाही, तीच अवस्था स्वतःकडे परत येत राहते.

अलार्म दुसऱ्या ठिकाणी पोहोचवायचा तर तो सर्व्हरमार्गे जाईल, म्हणजे नवा निरोप, नवी सही, आणि टॅमरिनचं मॉडेल परत उघडणं आलं. सिस्टर पुढच्या बुधवारी आहेत. त्याआधी निरोपाचा आराखडा तयार ठेवायचा, पंपाच्या ओळखीसकट.